मोदकांचा डबा, एकोणीसशे पानं आणि कंपनीचा डिसॅबिलिटी विमा

दर वर्षी नोव्हेंबरात ओपन एनरोलमेंटची, म्हणजे पुढच्या वर्षाचे विमे निवडण्याची, ईमेल आली की नवरा लॅपटॉप माझ्याकडे सरकवायचा. डेंटल कुठलं घ्यायचं, चष्म्याचं हवं का, औषधपाण्याच्या खर्चासाठी पगारातून एफएसए खात्यात किती टाकायचे, यावर आमची तासभर चर्चा व्हायची. त्याच पानाच्या तळाशी एक ओळ असायची: लाँग टर्म डिसॅबिलिटी, पगाराच्या ६० टक्के, हप्ता कंपनी भरणार. अकरा वर्षांत त्या ओळीवर आम्ही सगळी मिळून अकरा मिनिटंही घालवली नसतील. हा रिव्ह्यू त्या एका ओळीचा आहे, म्हणजे आजारपणामुळे दीर्घकाळ काम करता आलं नाही तर पगाराऐवजी भत्ता देणाऱ्या विम्याचा. विमा कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमचं प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. नवरा डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर होता. २०२२ च्या उन्हाळ्यात त्याच्या हातातून वाट्या निसटायला लागल्या, शर्टाची बटणं लावताना तो अडखळायला लागला. पन्नाशी आली, होतं असं, म्हणून आम्ही दोन महिने काढले. मग एमआरआयमध्ये दिसलं की मानेपाशी मज्जारज्जूच दाबला गेलाय. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, तीन मणके प्लेट आणि स्क्रू घालून जोडले. सर्जननी आधीच सांगितलं होतं, की ऑपरेशनने पुढचं नुकसान थांबेल, झालेलं भरून येईलच असं नाही. तसंच झालं. आजही त्याच्या बोटांना कीबोर्डवरच्या कळा नीट जाणवत नाहीत, आणि अर्धा तास खुर्चीत बसलं की मानेपासून खांद्यापर्यंत आग होते. पहिले सहा महिने शॉर्ट टर्म विम्यावर गेले. एप्रिल २०२३ च्या मध्यापासून लाँग टर्म सुरू झाला.

चांगलं आहे ते आधी लिहिते. पहिले सात महिने पैसे ठरल्या तारखेला येत होते. नऊ हजार डॉलर पगाराचे साठ टक्के, म्हणजे महिना ५,४००. आमचं प्रकरण बघणारी बाई फोनवर नीट बोलायची, नवऱ्याची विचारपूस करायची. घराचा हप्ता चुकला नाही. लेकीचं कॉलेजचं पहिलं वर्ष सुरळीत पार पडलं. हा विमा नसता तर त्या उन्हाळ्यात आम्हाला घर विकावं लागलं असतं, हे मी मनापासून सांगते. म्हणून ‘घेऊच नका’ असं मी कुणालाही म्हणणार नाही.

पण पहिला धक्का पहिल्याच महिन्यात बसला, आणि त्यात विमा कंपनीची काही चूक नव्हती. ५,४०० वर आयकर होता. हप्ता कंपनी भरत असेल आणि तो तुमच्या करपात्र पगारात धरला जात नसेल, तर पुढे मिळणारा भत्ता करपात्र होतो. हप्त्यावरचा कर तुम्ही आधीच भरत असाल तर भत्ता करमुक्त मिळतो. नवऱ्याच्या कंपनीच्या फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन होता. त्यावर टिक केली असती तर महिन्याला पगारातून थोडे डॉलर कर गेला असता. आम्ही तो वाचलाच नव्हता. तुमच्या फॉर्मवर असा चौकोन असेल तर आज रात्रीच तो शोधा.

आता पॉलिसीतल्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे ‘अपंग’ या शब्दाचा अर्थ मध्येच बदलतो. पहिले चोवीस महिने प्रश्न असतो, की तुम्ही तुमचं स्वतःचं काम करू शकता का. त्यानंतर प्रश्न होतो, की तुमच्या शिक्षणाला आणि अनुभवाला साजेसं कुठलंही काम करू शकता का. दुसरी गोष्ट वजावटीची. सरकारी सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता मिळाला की तेवढी रक्कम विमा कंपनी स्वतःच्या देण्यातून कापते. त्यामुळे तुम्ही सरकारकडे अर्ज करावा असा तिचाच आग्रह असतो. आम्हाला तर अर्ज भरून देणारी माणसंही तिनेच पुरवली. नवरा कुठलंच काम करू शकत नाही, हे सरकारला पटवून देण्यासाठी विमा कंपनीच्या खर्चाने माणसं झटत होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१४ नोव्हेंबर २०२३ ला सात पानी पत्र आलं. भत्ता बंद. नवरा बैठं काम करू शकतो, आणि डेटाबेसचं काम बैठंच असतं, असा त्याचा मथितार्थ. दोन आधार दिले होते. एक, परराज्यातल्या एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांचा अहवाल. त्यांनी नवऱ्याला कधी पाहिलं नव्हतं, नुसते कागद वाचले होते. दुसरा आधार वाचून मी खुर्चीत बसूनच राहिले. सप्टेंबरमध्ये दोन दिवस आमच्यावर पाळत ठेवली होती.

त्या वर्षीच्या गणपतीचा शनिवार. मराठी मंडळींचा उत्सव एका शाळेच्या हॉलमध्ये होता. पार्किंगमधून हॉलकडे चालत जातानाचा नवऱ्याचा व्हिडिओ कुणीतरी गाडीतून काढला होता. त्याच्या हातात मोदकांचा डबा होता, तो मी केलेला नैवेद्य. माझ्या हातात फुलं आणि समई होती, म्हणून डबा त्याने घेतला. सगळं मिळून अकरा मिनिटांचं चित्रण. पत्रात लिहिलं होतं, की इसम वस्तू उचलून चालताना दिसतो, मान वळवतो, चालीत दोष दिसत नाही. घरी आल्यावर तो दोन तास बर्फाची पिशवी मानेखाली घेऊन आडवा पडला होता. त्याचं चित्रण कुणी केलं नव्हतं. देवाला निघालेल्या माणसाच्या मागे कॅमेरा लावला, याचं दुःख मला अजून आहे.

पुढचं समजायला कायदा थोडा माहीत हवा. १९६३ च्या डिसेंबरात इंडियानातल्या साउथ बेंडमध्ये स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद झाला, आणि चार हजारांहून जास्त कामगारांचं पेन्शन पूर्ण किंवा बरंचसं बुडालं. साउथ बेंड आमच्या घरापासून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. लेकीला कॉलेजात सोडायला जाताना आम्ही तिथूनच जायचो, तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या कामगारांच्या हालांतून पुढे अकरा वर्षांनी, २ सप्टेंबर १९७४ ला, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी एम्प्लॉयी रिटायरमेंट इन्कम सिक्युरिटी ॲक्टवर सही केली. सगळे त्याला एरिसा म्हणतात. खासगी नोकरीतून मिळणारं पेन्शन, आरोग्य विमा, डिसॅबिलिटी विमा, सगळं त्याच्या छत्राखाली येतं.

कायदा कामगारांसाठी झाला खरा, पण त्याचा अर्थ लावताना कोर्टांनी कामगाराच्या हातातली बरीच हत्यारं काढून घेतली. सुप्रीम कोर्टाच्या १९८७ च्या पायलट लाइफ निकालानंतर, विमा कंपनीने हेतुपुरस्सर छळलं म्हणून राज्याच्या कायद्याखाली दावा लावता येत नाही. मानसिक त्रासाची भरपाई नाही, दंड नाही, आणि सहसा ज्युरीही नाही. तुम्ही पूर्ण जिंकलात तर जे मुळातच तुमचं होतं तेवढं मिळतं. व्याज आणि वकिलाची फी न्यायाधीशांच्या मर्जीवर. मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी खोट हीच वाटते. देणं नाकारून कंपनीचं फारसं काही बिघडत नसेल, तर ती नाकारताना दोनदा विचार का करील?

याचा पुरावा माझ्याच घरात आहे. मी सरकारी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. मलाही असाच विमा आहे, शब्दही जवळजवळ तेच. पण सरकारी नोकरीतल्या योजनांना एरिसा लागू नाही. उद्या माझा दावा विनाकारण अडवला, तर आमच्या इलिनॉय राज्याच्या विमा कायद्यातलं १५५ वं कलम माझ्या मदतीला आहे: मुद्दाम त्रास दिला असं ठरलं तर कोर्ट कंपनीला वरचे हजारो डॉलर भरायला लावू शकतं. एकाच टेबलावर जेवणारी दोन माणसं, दोघांच्या विम्यातलं वाक्य तेच, आणि हक्क मात्र वेगवेगळे.

हे सगळं मला खूप उशिरा कळलं. आधी आम्ही ओळखीतल्या एका वकिलाकडे गेलो. ते अपघाताचे खटले चालवायचे. त्यांनी छाती ठोकून सांगितलं, की ज्युरीपुढे नेऊ, पाळतीबद्दल मोठी भरपाई मागू, आणि विमा कंपनीकडचं अपील म्हणजे निव्वळ उपचार आहे, एक पान लिहून पाठवून द्या, खरी लढाई कोर्टात. माणूस मनाने चांगला होता. पण त्यांचं ऐकलं असतं तर आम्ही तिथेच बुडालो असतो. त्यांच्या तिन्ही वाक्यांत एकही गोष्ट बरोबर नव्हती.

वाचवलं बाबांनी. माझे बाबा साताऱ्याच्या कोर्टात नाझर होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. रविवारच्या फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “तुमची नस्ती कुणाकडे आहे?” मी म्हटलं, कसली नस्ती बाबा, हे अमेरिकेतलं प्रकरण आहे. ते म्हणाले, “प्रकरण कुठलंही असू दे. साहेब निकाल देतात तो नस्तीवर. आधी नस्ती मागव, मग वकील शोध.”

मी ती मागवली. एरिसाच्या नियमांनुसार दाव्याची पूर्ण फाइल विमा कंपनीने फुकट द्यावी लागते. तीन आठवड्यांनी सीडी आली: १,९४० पानं, प्रत्येकावर क्रमांक. महिनाभर रात्री जेवणं आटोपली की मी ती वाचायला बसायची. ६१२ व्या पानावर सर्जनचं ऑगस्टमधलं पत्र सापडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की मज्जारज्जूची इजा कायमची आहे, सलग टायपिंग शक्य नाही. परराज्यातल्या डॉक्टरांनी वाचलेल्या कागदांची यादी पुढे एका पानावर होती. त्या यादीत हे पत्रच नव्हतं. त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. मी रात्री साडेबाराला नवऱ्याला उठवून ते दाखवलं.

मग वकीलबाई भेटल्या. शिकागोच्या मध्यवस्तीत, लूपमध्ये, त्यांचं छोटं ऑफिस आहे, फक्त याच प्रकारचे खटले घेतात. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, की अपील १८० दिवसांत करायचंय, त्यातले ७४ गेलेत, आणि न्यायाधीश पुढे जे वाचतील ते सगळं आता, या अपिलातच फाइलमध्ये गेलं पाहिजे. एकदा अंतिम नकार आला की दार जवळजवळ बंद होतं. बाबांचंच बोलणं मी इंग्रजीत ऐकत होते.

सर्वांत जास्त मेहनत याच तीन-साडेतीन महिन्यांत झाली, आणि सर्वांत जास्त खर्चही. फिजिकल थेरपिस्टकडे दोन दिवसांची कार्यक्षमता चाचणी झाली. किती वेळ बसता येतं, मुठीत किती जोर आहे, बोटांनी बारीक काम किती वेळ होतं, सगळं मोजून लिहिलं. तिचे आम्ही पदरचे १,४०० डॉलर भरले. व्यवसाय-तज्ज्ञाच्या अहवालाला आणखी १,६०० गेले. तो अहवाल मात्र सोन्यासारखा निघाला. विमा कंपनी ‘बैठं काम’ ठरवताना अमेरिकन कामगार खात्याच्या व्यवसायकोशाचा आधार घेते, आणि त्या कोशाची शेवटची सुधारणा १९९१ मधली. त्यात बैठं काम म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ बसणं आणि फार तर दहा पौंड उचलणं. व्यवसाय-तज्ज्ञांनी एवढंच दाखवलं, की डेटाबेसच्या कामात वजन उचलण्याचा प्रश्नच नाही. तिथे लागतात ती बोटं आणि सलग तासन्‌तास बसणारी मान, आणि नेमक्या याच दोन गोष्टी या माणसाकडे उरलेल्या नाहीत.

मोदकांच्या डब्याचं मी बघितलं. तोच स्टीलचा डबा, तेवढेच एकवीस मोदक केले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले आणि फोटो काढला. साडेतीन पौंड. फोटोखाली प्रतिज्ञापत्र लिहिलं: हा डबा, हा नैवेद्य, गाडीपासून हॉलपर्यंत दोन मिनिटांचं अंतर, आणि घरी आल्यावर काय झालं ते. वकीलबाईंना उकडीचे मोदक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं. त्यांनी ते प्रतिज्ञापत्र एका शब्दाचाही बदल न करता जोडलं.

दरम्यान मार्च २०२४ मध्ये सोशल सिक्युरिटीचा निकाल आला. नवरा कुठलंही काम करू शकत नाही हे सरकारने मान्य केलं आणि एप्रिल २०२३ पासूनचा भत्ता मंजूर केला, महिना २,९००. आम्हाला वाटलं, आता विमा कंपनी काय बोलणार? तिचं पत्र एप्रिलमध्ये आलं. आम्ही तुम्हाला सात महिने पूर्ण भत्ता दिला, त्याच महिन्यांचे सरकारचे पैसे आता तुम्हाला मिळालेत, तेव्हा २०,३०० डॉलर परत करा. म्हणजे काम करू शकतो म्हणून भत्ता बंद करायचा, आणि काम करू शकत नाही असं सरकारने म्हटलं म्हणून पैसे परत मागायचे. एकाच कंपनीच्या लेटरहेडवर, पाच महिन्यांच्या अंतराने. ते पत्र वाचून नवरा काही बोलला नाही, उठून मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

वकीलबाईंनी सांगितलं, की हे नवीन नाही. २००८ च्या मेटलाइफ खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच वागण्याकडे बोट दाखवलं होतं: दावेदाराला सरकारकडे पाठवायचं, त्याच्या यशाचा फायदा स्वतः घ्यायचा, आणि मग सरकारचा निष्कर्ष बाजूला सारायचा. त्याच निकालात कोर्टाने म्हटलं, की दावा मंजूर करणारी आणि पैसे देणारी कंपनी एकच असते तेव्हा तिथे हितसंबंधांचा संघर्ष असतो आणि न्यायाधीशांनी तो विचारात घ्यायचा असतो. आणि एप्रिल २०१८ पासून नियमही आहे, की सरकारच्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मताशी कंपनी सहमत नसेल तर का, ते तिने लिहून द्यायला हवं. त्या २०,३०० ला हात लावू नका, वेगळ्या खात्यात ठेवा, असा त्यांचा सल्ला होता. सरकारचे मागचे पैसे एकदम हातात आले की जुनी देणी फेडावीशी वाटतात. ते टाळलं हे फार बरं झालं.

६ मे २०२४ ला अपील गेलं, जोडपत्रांसह ३८० पानं. कंपनीकडे ४५ दिवस असतात, आणखी ४५ वाढवून घेता येतात. तिने ते घेतले. जुलैमध्ये नव्या डॉक्टरांचा कागदी अहवाल आला, पण या वेळी निर्णयाआधी तो आम्हाला दाखवणं भाग होतं, हाही २०१८ चाच नियम. आमच्या सर्जननी त्याला दोन पानी उत्तर दिलं. ऑगस्टमध्ये अंतिम नकार आला. त्यात सोशल सिक्युरिटीच्या निकालाबद्दल एकच वाक्य होतं: त्यांचे निकष वेगळे आहेत. मोदकांच्या डब्याबद्दल अवाक्षर नव्हतं. व्हिडिओचा उल्लेखच गाळला होता.

कोर्टात जाण्याआधी सांगायची एक गोष्ट. दावा लावायची मुदत पॉलिसीतच लिहिलेली असते, बहुधा तीन वर्षं, पण ती नकाराच्या तारखेपासून धरत नाहीत. अपंगत्वाचा पुरावा द्यायच्या तारखेपासून ती धावायला लागते, म्हणजे तुम्ही अपील करत असता तेव्हाही घड्याळ चालूच असतं. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये हे कलम वैध ठरवलंय. अंतिम नकाराच्या पत्रात शेवटची तारीख लिहिलेली असायला हवी. तीच आधी शोधा.

ऑक्टोबरमध्ये ४०५ डॉलर फी भरून दावा दाखल झाला. शिकागोचं फेडरल कोर्ट डर्कसेन इमारतीत आहे, वास्तुविशारद मीस व्हान डर रोहे यांची काळ्या पोलादाची आणि काचेची उंच इमारत. समोरच्या चौकात शिल्पकार काल्डर यांचं ते प्रचंड लाल शिल्प, फ्लेमिंगो. त्याचं अनावरण १९७४ मध्ये झालं हे कळलं आणि माझ्या मनात आलं, ते आणि तो कायदा एकाच वर्षीचे. मी त्या इमारतीत एकदाच गेले, एका छोट्या तारखेला. सासूबाई पुण्याहून काळजीने विचारायच्या, साक्षीला उभं राहायचंय का, उलटतपासणी असते का. काहीच नव्हतं. नवऱ्याला न्यायाधीशांनी कधी पाहिलंच नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलं, की निकाल कागदांवरच द्यावा. लोक तोंडी सुनावणीची वाट बघत बसतात. इथे तोंड नावाचा भागच नसतो, हे ध्यानात असू द्या.

एका बाबतीत आमचं नशीब बलवत्तर. १९८९ च्या फायरस्टोन निकालापासून नियम असा आहे, की निर्णय घ्यायचा अधिकार आमचाच असं कंपनीने पॉलिसीत लिहून ठेवलं असेल, तर कोर्ट फक्त एवढंच बघतं, की निर्णय निव्वळ मनमानी तर नव्हता ना. चुकीचा असून मनमानी नसेल तर तो टिकतो. या एका वाक्यावर कित्येकांचे खटले गेलेत. पण इलिनॉय राज्याने २००५ पासून विमा पॉलिसींत असं वाक्य घालायला बंदी केली आहे, आणि आमची पॉलिसी इलिनॉयमध्ये दिलेली. त्यामुळे न्यायाधीशांना सगळं नव्याने ठरवायचं होतं. त्याच इमारतीत बसणाऱ्या सातव्या सर्किटच्या, म्हणजे आमच्या भागाच्या फेडरल, अपील कोर्टाने २००९ मध्ये सांगितलंय, की अशा वेळी कंपनीचा निर्णय तपासत बसायचं नसतं, माणूस भत्त्याला पात्र आहे का हे कोर्टाने स्वतंत्रपणे ठरवायचं. मात्र तुमची कंपनी विमा न घेता स्वतःच्या तिजोरीतून भत्ता देत असेल, तर राज्याची ही बंदी तुमच्या कामाची नाही. एचआरला विचारा, योजना विम्याची आहे की स्वतःच्या पैशाची. एका ईमेलचं काम आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला, ३१ पानं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द आपोआप वरचढ मानायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच ठरवलंय, त्यामुळे सर्जनच्या पत्रावर सगळं सुटेल असं नव्हतंच. न्यायाधीशांनी प्रत्येक कागद तोलला होता. ६१२ वं पान होतं. कार्यक्षमता चाचणीतला मुठीचा आकडा होता. आणि एका तळटीपेत लिहिलं होतं, की साडेतीन पौंडांचा खाद्यपदार्थांचा डबा दोन मिनिटं नेता येणं, हे दिवसाचे आठ तास बसून टाइप करता येण्याचा पुरावा ठरत नाही. ती ओळ मी बाबांना फोनवर मराठीत करून वाचून दाखवली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

हिशेब असा: नोव्हेंबर २०२३ च्या मध्यापासून एप्रिल २०२५ च्या मध्यापर्यंत सतरा महिने, सरकारी भत्ता वजा जाता महिना २,५००, म्हणजे ४२,५०० डॉलर. त्यातून ते २०,३०० वळते झाले. वर व्याज. कोर्टाने वकिलाची फीही कंपनीला भरायला लावली. वकीलबाईंशी आमचा करार एक-तृतीयांशाचा होता. कोर्टाकडून मिळालेली फी त्यांनी प्रामाणिकपणे आमच्या वाट्यात धरली. चाचण्यांचे तीन हजार मात्र आमचेच गेले. नवऱ्याने मानेच्या दुखण्यासकट काढलेल्या दोन वर्षांच्या रात्रींचं, लेकीने घेतलेल्या शिक्षणकर्जाचं, मोडलेल्या एफडींचं काही मिळालं नाही. कायद्यात ते बसतच नाही.

वकीलबाईंच्या सेवेबद्दल: काम पाचापैकी पाच. संपर्क तीन. फोन केला तर उत्तर कधी कधी आठवड्याने यायचं, आणि त्या आठवड्यात झोप लागायची नाही. त्यांच्या ऑफिसातल्या पॅरालीगल, म्हणजे वकिलाला मदत करणाऱ्या, मुलीला मात्र मी कधीच विसरणार नाही; प्रत्येक मुदतीच्या दहा दिवस आधी तिची ईमेल यायचीच. विम्याला गुण द्यायचे तर पहिल्या सात महिन्यांना पाच आणि पुढच्या दोन वर्षांना शून्य. सरासरी काढून मधला आकडा लिहिणं मला पटत नाही.

चोवीस महिने एप्रिल २०२५ मध्ये संपले. त्यानंतर ‘कुठलंही काम’ हा दुसरा प्रश्न सुरू होतो. त्यावर कंपनीने आधी निर्णयच दिलेला नव्हता, म्हणून कोर्टाने तो भाग तिच्याकडेच परत पाठवला. डिसेंबरात नवे फॉर्म आले. या वेळी मी कशाचीही वाट बघितली नाही. नवा एमआरआय, सर्जनचं नवं पत्र, सोशल सिक्युरिटीचा निकाल, कोर्टाचा निकाल, नवऱ्याने तीन महिने रोज लिहिलेली दिवसाची नोंद. तिचं अक्षर वेडंवाकडं आहे, पण ती त्याने स्वतःच्या हाताने लिहिली आहे, टाइप केलेली नाही. प्रत्येक पानावर खाली उजवीकडे मी पेनने क्रमांक घातलाय, १ पासून २१४ पर्यंत. काल पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पाठवलं. पावती फ्रिजवर लावली आहे.